वर खाऊचा पुडा ठेवावा

ज्येन रुई-मानने आयुष्यात चारचौघांसाठी म्हणून एकच गोष्ट लिहिली होती, आणि तीही आता तिची राहिली नव्हती.

रुई-मान यंत्रं दुरुस्त करायची. यीलानच्या सखल मुलखात, भातखाचरं आणि बदकांची तळी यांच्यामध्ये जे काही विजेवर चालतं आणि मधूनच चालेनासं होतं, ते सगळं तिच्या दारात येई. पाण्याचे पंप, देवळातल्या रोषणाईच्या माळा, शाळेची घंटा. बाई बोलायला कमी आणि लिहायला त्याहून कमी. पण 'यंत्रचावडी' या संकेतस्थळावर ती रोज सकाळी एक फेरी मारत असे. बेटावरचे सगळे यंत्रवाले तिथे जमत. कुणी प्रश्न विचारी, कुणी उत्तर देई, आणि चावडीचे निवडून दिलेले पंच सगळ्यांचं लिखाण झाडून-पुसून नीट ठेवत.

एकदा तिथे कुणीतरी विचारलं, की आमचं अंडी उबवायचं यंत्र मधूनच थांबतं, काय करावं? रुई-मानला ते यंत्र नखशिखांत माहीत होतं. तिने धीर करून लिहिलं: "आधी वीज बंद करावी. मागचं झाकण काढून पंख्याच्या तारेचा सैल झालेला स्क्रू घट्ट आवळावा. झाकण लावून वर हिरवा खाऊचा पुडा ठेवावा. वाचल्याबद्दल आभार. काही चुकलं असल्यास सांगावं."

पुड्याचं तिथे कुणाला नवल नव्हतं. मक्याचा कुरकुरीत खाऊ, नावाचाच अर्थ 'शहाण्या बाळासारखं वाग' असा. तो यंत्रावर ठेवला की यंत्र शहाण्यासारखं वागतं. हिरवा पुडा म्हणजे हिरवा दिवा, काम चालू. पिवळा ठेवला तर यंत्र अडखळतं, लाल ठेवला तर बसकण मारतं. पुडा फोडायचा नाही, त्याची मुदत संपू द्यायची नाही, आणि ज्याचं यंत्र त्यानेच तो आपल्या हाताने ठेवायचा. मोठमोठ्या कचेऱ्यांतल्या कपाटाएवढ्या संगणकांवरही पुडा असतोच, मग अंड्यांच्या यंत्रावर का नसावा?

पहिल्याच दिवशी पंचांनी तिचे आभार काढून टाकले. शेजारी बारीक अक्षरांत कारण होतं: 'शिष्टाचाराने जागा अडते.' रुई-मानला ते पटलं. मग 'काही चुकलं असल्यास सांगावं' गेलं, कारण चावडीवर उत्तर असावं, शंका नसावी. तेही पटलं. मग वीज बंद करण्याचं गेलं, कारण सुरक्षेच्या सूचनांचा विभाग वेगळा. मग स्क्रूचं वाक्य आणि त्याबरोबर 'झाकण लावून' हेही गेलं, कारण 'हे अन्यत्र सांगितलेले आहे.' ते अन्यत्र कुठे, म्हणून तिने बघितलं, तर तिथे एक बंद केलेला प्रश्न होता आणि खाली लिहिलं होतं, 'उत्तरासाठी ज्येन रुई-मान यांचे लिखाण पाहावे.' शेवटी 'हिरवा' हा शब्दही गेला. कारण: 'रंग ही ज्याची त्याची आवड. चावडीवर वैयक्तिक मतांना थारा नाही.'

उरलं ते एवढंच: "वर खाऊचा पुडा ठेवावा." आणि त्याखाली तिचं पूर्ण नाव.

हे उत्तर लोकांना इतकं आवडलं की काही विचारू नका. थोडक्यात आणि मुद्द्याचं! दुजोऱ्यावर दुजोरे पडले. रुई-मान मनात म्हणाली, जाऊ दे, हिरवाच लागतो हे कुणाला ठाऊक नाही?

तिच्या मोठ्या काकांना ठाऊक नव्हतं.

काकांचं बदकांची अंडी उबवण्याचं केंद्र होतं. उभा जन्म त्यांनी भाताच्या तुसात आणि टोपल्यांत अंडी उबवली. अंडं पापणीला टेकवायचं आणि ऊब बरोबर आहे की नाही ते सांगायचं, अशी त्यांची रीत. यंत्र त्यांनी म्हातारपणी घेतलं, आणि गेल्या वर्षी एक पाहुणा 'मला सगळं येतं' म्हणत त्याचं झाकण उघडून बसला, तेव्हा अर्धी अंडी गारठून गेली. त्या दिवसापासून काकांनी कानाला खडा लावला. लेखी असेल तेवढंच करायचं. तोंडी कुणाचंही ऐकायचं नाही, मग तो देव का असेना.

एका सकाळी काकूचा फोन आला. "रुई, लवकर ये गं. यंत्र सारखं थांबतंय. घरातल्या सगळ्या दुलया अंड्यांवर घातल्यात. तुझे काका जाकीट घालून झोपतात, मी त्यांचं दुसरं जाकीट घालून झोपते."

रुई-मान स्कूटरवरून तडक गेली. दार उघडलं तर दुलयांच्या डोंगराखाली यंत्र धापा टाकत होतं आणि सगळ्यांत वर, राजासारखा, एक पिवळाधमक पुडा बसला होता.

"काका, हा पिवळा का ठेवलात?"

"एकावर एक फुकट होता."

"अहो, हिरवा लागतो!"

"कुठे लिहिलंय?"

"मी सांगतेय ना."

काकांनी चष्मा लावला, फोन काढला, आणि न्यायाधीश निकाल वाचतो तसं मोठ्याने वाचलं, "वर खाऊचा पुडा ठेवावा. खाली नाव कुणाचं आहे?"

"माझं."

"यात हिरवा आहे?"

"होता काका. पंचांनी काढला."

"पंचांनी काढला म्हणजे चुकीचाच असणार. लोकांनी निवडून दिलेली माणसं ती, उगाच कुणाचा शब्द काढतील?"

"बरं, पुडा राहू दे. मला मागचा स्क्रू तरी आवळू द्या."

"स्क्रूचं यात कुठे आहे?"

"तेही काढलं त्यांनी!"

"बघ म्हणजे," काका काकूकडे वळून म्हणाले, "हिची प्रत्येकच गोष्ट काढावी लागते." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "पोरी, माझी अडचण समजून घे. इथे एक रुई-मान उभी आहे आणि फोनमध्ये एक रुई-मान आहे. फोनमधलीला हजारो माणसांनी दुजोरा दिलाय. तुला कुणी दिलाय?"

"मी देते," काकू म्हणाली.

"तू गप. तू चावडीवर नाहीस."

रुई-मानने दुलई उचलून एक अंडं उजेडासमोर धरलं. आत लाल रेषांचं जाळं होतं, आणि मधे काहीतरी हललं. आठवड्याभरात पिल्लं बाहेर यायची होती. तोवर यंत्र असंच थांबत राहिलं तर ती कवचातच थिजणार. काकांनी अख्ख्या हिवाळ्याची अंडी याच एका यंत्रात घातली होती. आणि वर काका म्हणत फिरणार, की माझ्याच पुतणीने लिहिलेलं केलं आणि बुडालो.

गुपचूप झाकण उघडावं म्हटलं तर काका यंत्राच्या शेजारीच खाट टाकून बसलेले. पुडा बदलावा म्हटलं तर तो मालकाच्याच हातून बसायला हवा. तेव्हा एकच रस्ता उरला. चावडीवरचा शब्द परत आणायचा.

घरी येऊन तिने आपलं उत्तर उघडलं, 'हिरवा' हा शब्द घातला, आणि बटण दाबलं. चावडी म्हणाली: 'सहा शब्दांहून लहान दुरुस्ती स्वीकारली जात नाही.'

रुई-मानने डोकं खाजवलं. मग लिहिलं: "वर हिरवा, म्हणजे पिवळा किंवा लाल नव्हे असा, पानांच्या रंगाचा खाऊचा पुडा ठेवावा." दुरुस्ती स्वीकारली गेली. तिने चहाचं पाणी ठेवलं. पाणी उकळायच्या आत उत्तर पुन्हा पहिल्यासारखं झालं होतं. शेजारी कारण: 'पाल्हाळ.'

तिने उत्तराखाली टिप्पणी लिहिली, की लोकहो, पुडा हिरवाच घ्या. टिप्पणी पुसली गेली. 'टिप्पण्या माहिती देण्यासाठी नाहीत.'

मग ती तक्रार विभागात गेली. तिथला पंच 'पहाटतारा' या नावाने लिहीत असे. उत्तरं मात्र तो तत्परतेने देई, हे कबूल करायला हवं.

तिने लिहिलं, "माझ्या उत्तरातला माझा शब्द मला परत हवा आहे."

"उत्तर लेखकाचे नसते. चावडीचे असते."

"मग खाली माझं नाव का?"

"जबाबदारी लेखकाची असते."

"मग ते उत्तरच काढून टाका."

"लोकप्रिय उत्तर लेखकाला काढता येत नाही."

"मग निदान माझं नाव काढा!"

"त्यासाठी आपण लेखक नसल्याचे सिद्ध करावे. सिद्ध झाल्यास मात्र आपला या उत्तराशी संबंध उरणार नाही आणि आपली मागणी विचारात घेता येणार नाही."

रुई-मानने फोन पालथा ठेवला. यंत्र बिघडलं की ती त्याच्याजवळ जाऊन बसते, कान लावते, आत काय खडखडतंय ते ऐकते. लांबून दुरुस्ती होत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने चारदोन ओळखीच्यांना विचारलं. पहाटतारा म्हणजे ल्वोतुंग बाजारातल्या न्याहारीच्या दुकानाचा मालक फांग, एवढं कळायला फार वेळ लागला नाही.

दुकान सकाळच्या गर्दीने भरलं होतं. फांग तव्यासमोर उभा होता, एका हातात उलथणं, दुसऱ्या हातात फोन. एक धिरडं उलटायचा, एक प्रश्न बंद करायचा. पुन्हा धिरडं, पुन्हा प्रश्न.

"काय देऊ, सुंदरी?" त्याने मान वर न करता विचारलं. तिथले न्याहारीवाले सत्तरीच्या आजीलाही सुंदरीच म्हणतात, तेव्हा ते मनावर घ्यायचं कारण नव्हतं.

"एक अंड्याचं धिरडं, पातीचा कांदा जास्त, तिखट नको, आणि सोयाबीनचं दूध कोमट द्या. घसा बसलाय माझा."

"एक धिरडं," फांग आतल्या बायकोला ओरडून म्हणाला.

"अहो, बाकीचं?"

"बाकीची माहिती पूरक होती."

"मी ज्येन रुई-मान."

फांगचा हात थांबला. चेहरा उजळला. "तुम्ही? 'वर खाऊचा पुडा ठेवावा'? अहो बसा, बसा! काय सुंदर उत्तर लिहिलंत! नव्या पंचांना मी नमुना म्हणून तेच दाखवतो."

"ते मी लिहिलेलं नाही. मी पाच-सहा वाक्यं लिहिली होती."

"तेच तर! त्यांतून हे काढलं. दगडात मूर्ती असतेच म्हणतात, फक्त नको तेवढा भाग फोडायचा."

"फांगभाऊ, तुम्ही मूर्तीचं नाक फोडलंत. माझ्या काकांनी पिवळा पुडा ठेवलाय."

"पिवळा?" फांग मनापासून हादरला. "यंत्रावर? पिवळा कोण ठेवतं? हे तर सर्वांना माहीत आहे!"

"मग लिहा ना तसं."

"सर्वांना माहीत असलेलं लिहायचं नसतं. अनावश्यक ठरतं."

"आणि कुणाला माहीत नसलेलं?"

"त्याला पुरावा लागतो."

"म्हणजे लिहायचं तरी काय?"

फांगने जरा विचार केला. तव्यावरचं धिरडं करपलं. "खरं सांगू का," तो हळूच म्हणाला, "पूर्वी आमच्या चावडीवर इतका कचरा व्हायचा की कामाचं काही सापडत नसे. प्रश्नाच्या आधी आपल्या मांजरीची तब्येत लिहायचे लोक. म्हणून मी झाडू हातात घेतला. आता झाडू दिसला की हात आपोआप चालतो. पण नियम सगळ्यांना सारखे. तुमच्यासाठी मोडता येत नाहीत."

माणूस वाईट नव्हता. रुई-मानला त्याचा राग येईना, हीच पंचाईत होती. करपलेलं धिरडं खाता खाता तिने त्याने शेजारच्या मेजावर ठेवलेला फोन बघितला. पडद्यावर एका बंद केलेल्या प्रश्नाखाली लाल चौकट होती, आणि चौकटीत चांगला ऐसपैस मजकूर.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच. प्रश्न बंद करताना कारण द्यावं लागतं. सविस्तर. नाहीतर लोक म्हणतात, पंच मनमानी करतात."

"आणि हे कुणी खोडत नाही?"

"पंचाने दिलेलं कारण खोडता येत नाही. तसं बटणच नाही."

रुई-मानने दूध संपवलं. यंत्राच्या आत काय खडखडतंय ते तिला आता ऐकू आलं होतं. "बरं, समजा कुणी वेड्यासारखा प्रश्न विचारला, की स्क्रू सैलच ठेवून वर पिवळा पुडा ठेवला तर चालेल का? तर?"

"छे! लगेच बंद करीन."

"कारण देऊन?"

"कारण देऊनच."

तिने पैसे दिले आणि स्कूटरला चावी लावली.

काका खाटेवरच होते. डोळे तारवटलेले. पापणीला अंडं टेकवत होते आणि दुलया सारख्या करत होते. रुई-मान म्हणाली, "काका, तुमचंच खरं. लेखी हवं. मग तुम्हीच चावडीला विचारा."

"काय विचारू?"

तिने सांगितलं.

"असं कोण विचारतं?" काका म्हणाले. "मी मूर्ख दिसेन."

"पहिल्या दिवशी चावडीवर सगळेच दिसतात. मीही दिसले होते."

"तुझी गोष्ट वेगळी."

पण तेवढ्यात यंत्र पुन्हा थांबलं. खोलीत एकदम शांतता झाली. काकूने अंगातलं जाकीट काढून अंड्यांवर टाकलं आणि नुसतीच नवऱ्याकडे बघत उभी राहिली. काकांनी फोन घेतला.

त्यांनी रीतीप्रमाणे सुरुवात केली: "आदरणीय पंच, मी यीलानचा एक म्हातारा बदकवाला. आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे." मग वडिलांचं नाव, गावाचं नाव, हवामान, आणि शेवटी प्रश्न. बटण दाबल्याबरोबर प्रकृती गेली, वडील गेले, गाव गेलं, हवामान गेलं. काका बघतच राहिले. पण त्यांना काही बोलायची उसंत मिळाली नाही, कारण लगेच लाल चौकट उगवली:

'प्रश्न बंद करण्यात येत आहे. कारण: पुडा हिरवाच लागतो, पिवळा कधीही चालत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळते. तसेच वीज बंद करून पंख्याच्या तारेचा स्क्रू आधी घट्ट आवळावा, हे ज्याला सांगावे लागते त्याने यंत्र बाळगू नये. पंच, पहाटतारा.'

काकांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग ताठ उभे राहिले. "बघ! याला म्हणतात लिहिणं. हिरवा, वीज, स्क्रू, सगळं आहे. तुला का सुचलं नाही हे?"

रुई-मानने ओठ दाताखाली धरले. "चुकलंच, काका."

"आण तो पेचकस. आणि काकूला दुकानात पाठव."

"मलाच सांगा की थेट," काकू दारातूनच म्हणाली. ती केव्हाच चप्पल घालून तयार होती.

वीज बंद झाली, झाकण उघडलं, स्क्रू खरंच पार ढिला झाला होता, तो आवळला गेला. काकांनी हात धुतले, हिरवा पुडा दोन्ही हातांनी यंत्रावर ठेवला आणि मान लववली. यंत्र घुर्र करून जे चालू झालं, ते पुन्हा थांबलं नाही. आता ते स्क्रूमुळे की पुड्यामुळे, यावर त्या घरात आजही दोन मतं आहेत. आपण त्यात पडायला नको.

आठवड्याअखेरीस कवचांना तडे गेले. आधी एक चोच, मग दुसरी, आणि मग खोलीभर ओल्या पिवळ्या गोळ्यांचा असा काही कलकलाट सुरू झाला की शेजारी मुलांना घेऊन बघायला आले. काका एकेक पिल्लू उचलून मुलांच्या ओंजळीत देत होते आणि सांगत होते, घट्ट धरू नका, नुसतं बसू द्या. डोळ्यांत पाणी होतं, पण हसत होते.

मग त्यांनी फोन काढला. "पंचांचे आभार मानायला हवेत. माणुसकी म्हणून." एका बोटाने, जपून लिहिलं: "पिल्लं सुखरूप निघाली. फार आभार." बटण दाबलं. सगळ्यांना दाखवायला फोन वर धरला. फोनवर काही नव्हतं.

"मी दाबलं नाही वाटतं," काका म्हणाले. पुन्हा लिहिलं, पुन्हा दाबलं. या वेळी डोळ्यांदेखत अक्षरं आली आणि डोळ्यांदेखत गेली.

"रुई, मी लिहिलं होतं. तू बघितलंस ना?"

"बघितलं, काका."

"काकूनेही बघितलं."

"मी चावडीवर नाही," काकू म्हणाली.

काकांनी तिच्याकडे बघितलं. फोनकडे बघितलं. मग पुतणीकडे वळले. एक पिल्लू त्यांच्या चपलेवर चढत होतं आणि घसरत होतं, त्याच्याकडेही त्यांचं लक्ष नव्हतं.

"म्हणजे तू हिरवा लिहिला होतास."

"हो, काका."

"आणि स्क्रू?"

"तोही. आभारही मानले होते."

काकांनी बाह्या सरसावल्या आणि तिसऱ्यांदा लिहायला बसले. तेवढ्यात फोनवर लाल अक्षरांत ताकीद आली, की पुन्हा आभार मानाल तर बादलीत टाकण्यात येईल.

"ही बादली काय असते?"

"चावडीबाहेर काढतात, काका. काही दिवस एक अक्षर लिहू देत नाहीत. पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवल्यासारखं."

"बुडवू देत. उभा जन्म बदकांत गेलाय माझा, पाण्याला भिऊ काय?" काकांनी खाटेवर सरकून तिला जागा केली. "बस इथे. आभारांच्या आधी हेही लिहायचं, की हिरवा पहिल्यांदा माझ्या पुतणीने लिहिला होता, मी मूर्खाने ऐकलं नाही. पुसायच्या आत चार माणसांनी वाचलं तरी पुरे. कसं सुरू करू, सांग."

रुई-मान त्यांच्या शेजारी बसली आणि एकेक शब्द सांगू लागली.